गोड पाण्याच्या यादीतला खारा पंप

मित्रांनो, मसुऱ्याहून खाडीकडे उतरणारी वाट जिथे संपते तिथे करंजवाडीचा तिठा लागतो. तिठ्यावर सिमेंटचा एक फुटका ओटा आहे आणि ओट्यावर लोखंडाचा जुना हातपंप. तो मी. माझ्या अंगावरच्या निळ्या रंगाचे आता पोपडे उरलेत. पोटावरचा पांढरा नंबर मात्र अजून ठळक दिसतो, कारण दर दोन-तीन वर्षांनी कुणी ना कुणी येऊन तो पुन्हा रंगवून जातं. मला तेल द्यायचं कुणाच्या मनात येत नाही. नंबर तेवढा रंगवतात.

माझी गोष्ट मी आज घाईघाईने सांगतोय. मृग दोन दिवसांवर आलाय. त्याच्या आत एक काम झालं नाही, तर या वाडीतल्या अठरा घरांना प्यायला पाणी राहणार नाही.

माझा जन्म परमुलखातल्या एका कारखान्यात झाला. एकाच मापाची आम्ही हजारो भावंडं. त्या सुमारास म्हणे सातासमुद्रापलीकडे मोठमोठ्या देशांची सभा भरली होती, आणि ठराविक वर्षांत जगातल्या प्रत्येक माणसाला पाणी द्यायचं असं तिथे ठरलं होतं. ठरलं ते चांगलंच ठरलं. पुण्याच्या कामाला मी नावं ठेवणार नाही. पण करंजवाडी कुठे आहे, तिच्या पायाशी खाडी आहे की डोंगर, हे त्या सभेत कुणी विचारलं नसावं.

बोअरिंगची गाडी वाडीत आली तेव्हा बायकांनी डोंगरीकडे बोट दाखवलं. "थंय मारा, सायबानू. थंय गोड झरो आसा." गाडीवाल्या साहेबांनी डोंगरीकडे पाहिलं. तिथवर गाडी जाण्याजोगी वाट नव्हती, आणि महिना संपायच्या आत त्यांना ठरलेला आकडा पुरा करायचा होता. त्यांनी तिठ्यावरच गाडी लावली. खाडी तिथून चारशे पावलं.

तरी मी उभा राहिलो तो दिवस सणाचा होता, मित्रांनो! गावकरांच्या घरातल्या म्हाताऱ्या मानकऱ्याने माझ्यापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, ह्या लेकरांच्या घरात पाण्याची वाण पडूक देव नको रे म्हाराजा!" सगळी वाडी एका आवाजात म्हणाली, "व्हय म्हाराजा!" मग पाच सवाष्णींनी मला हळदकुंकू लावलं. त्यातली सर्वांत लहान होती मथुरा. लग्न होऊन महिनाच झाला होता, तिचं घर माझ्या अगदी समोर. पहिला दांडा तिने मारला. माझ्या तोंडातून पाणी उसळलं तसं ती इतकी हसली की डोक्यावरचा पदर मागे पडला.

दोन वर्षं मी वाडीचा लाडका होतो. पहाटेपासून कळशांची रांग लागायची. "माझो नंबर आधी गो!" "तुझो नंबर? तू तर आत्ताच डोळे चोळीत इलंस!" ती भांडणंसुद्धा गोड वाटायची.

तिसऱ्या वर्षी शिमग्याच्या सुमारास माझं पाणी बदललं. खालून, वाळूतून, खाडी माझ्यापर्यंत आली होती. एका गाईने बादली हुंगली आणि तोंड फिरवलं, तेव्हा वाडीला कळलं. बायकांनी कळशा उचलल्या आणि पुन्हा डोंगरीच्या बावीची वाट धरली. बाव म्हणजे विहीर, मित्रांनो. जुनी, चिऱ्यांनी बांधलेली, दीड मैल चढणीवर. माझ्याकडे राहिलं ते पाय धुणं आणि भांडी घासणं.

मथुराने मात्र मला टाकलं नाही. ती व्रतवैकल्यांची बाई. सोमवार, संकष्टी, एकादशी, तिचं काही चुकत नाही. दर दसऱ्याला ती माझ्या दांड्याला हळदकुंकू लावते आणि झेंडूचं फूल खोचते. "पाणी खारां झाला, हेच्यात तुझो काय दोष रे बाबा," असं हळूच म्हणते. तिच्या त्या मायेनेच पुढे घात केला. पण तिला बोल लावायला माझी जीभ धजत नाही.

काय झालं ते सांगतो. बऱ्याच वर्षांनी एक साहेब कागद घेऊन आले. भर उन्हाचे, चालत. तिठ्यावरचं पहिलं घर मथुराचं, म्हणून तिच्याच पडवीत बसले. दारी आलेल्या पाहुण्याला आधी गूळपाणी द्यायचं, मग काय काम ते विचारायचं, ही इथली रीत. मथुराने गुळाचा खडा दिला आणि सकाळीच बावीवरून आणलेल्या कळशीतलं पाणी दिलं. साहेबांनी तांब्या रिकामा केला. "वा! वहिनी, पाणी काय गोड आहे हो तुमच्याकडे!" मथुराने हसून मान खाली घातली. साहेबांनी मग माझा नंबर लिहून घेतला आणि विचारलं, "पंप घरापासून किती लांब?"

"दारातच आहे," ती म्हणाली. तेही खरंच होतं.

कागदावर लिहिलं गेलं, 'दारात गोड पाणी उपलब्ध.' एकेक शब्द खरा, आणि सगळे मिळून खोटे!

संध्याकाळी तिच्या घरधन्याने विचारलं, "बोरिंग खारां आसा म्हणान सांगलंस कित्याक नाय?"

"पावण्याच्या तोंडातलो गूळ कडू करू? आणि ज्येका कुंकू लावतंय, तेका चारचौघांत नावां ठेवू?"



पहिली उद्दिष्टं संपली, दुसरी आली. दुसरी संपली, तिसरी आली. सगळी दूर कुठेतरी ठरायची आणि इथे येईतो नुसती मोजणी उरायची. दर वेळी कुणीतरी यायचं, गूळपाणी घ्यायचं, माझा नंबर पाहायचं. पुढे कागद गेले आणि हातात धरायची काचेची पाटी आली. त्या पाटीवर करंजवाडी हिरव्या रंगात दिसायची. हिरवं म्हणजे 'साध्य'. बायका डोक्यावर कळशी घेऊन त्या हिरव्या वाडीतून दीड मैल चढत होत्या.

तरीही चाललं होतं, कारण बाव होती. गेल्या भादव्यात डोंगरीची कड सुटली आणि बावीची एक बाजू चिऱ्यांसकट आत बसली. वाडीच्या माणसांनी दोनदा चिरे लावले, दोनदा माती पुन्हा खाली आली. वरच्या बाजूला माती धरून ठेवणारा भक्कम बांध घातल्याशिवाय ती टिकणार नाही, आणि ते यंत्राचं काम. आता बायका चिखलात उतरतात आणि करवंटीने पाणी गोळा करतात. मथुराची सून अक्षया फाल्गुनात तिथेच घसरली. तिचं मनगट अजून नीट वळत नाही. मृगाच्या पहिल्या मोठ्या सरीत उरलेली कड आत येणार, हे शेंबडं पोरही सांगेल.

वाडीने अर्ज केला. उत्तर आलं. अक्षयाने ते माझ्या ओट्यावर बसून सासूला वाचून दाखवलं. "सदर वाडीत गोड पाण्याचा स्रोत दारात उपलब्ध असल्याने मागणी मान्य करता येत नाही."

 त्या दिवशी मथुराने जपाची माळ हातात घेतली आणि एक मणीसुद्धा पुढे सरकवला नाही.

अशात पंचायतीत नवं पत्र आलं. पुढची उद्दिष्टं ठरवायची आहेत, पण या वेळी ती परक्यांनी ठरवायची नाहीत. ज्याच्या त्याच्या देशाने स्वतः ठरवायची, आणि देश म्हणजे गावं, म्हणून गावागावांत येऊन विचारणार! हरिश्चंद्र गावकरांनी ते पत्र दोनदा वाचून दाखवलं. ज्यांनी माझ्यापुढे गाऱ्हाणं घातलं होतं, त्यांचे हे चिरंजीव. मानकरीपण आता यांच्याकडे आहे.

"इचारतत! चाळीस वर्सांनी कोणतरी इचारता!" ते म्हणाले. "पयला नाव बावीचा घालूचा."

सभेच्या आदल्या दिवशी तिन्हीसांजेला मथुरा, अक्षया आणि हरिश्चंद्र माझ्यापाशी बसले होते.

"आये, उद्या पावण्यांका बोरिंगचाच पाणी देवया," अक्षया म्हणाली.

मथुरा दचकलीच. "दारात इलेल्या माणसाक खारां पाणी? माका नरकात घालतंस काय गो?"

"नरक खंय लांब आसा? रोज करवंटी घेवन उतरतंयच मां."

हरिश्चंद्र हसले, आणि लगेच गंभीर झाले. "मथुरे, गुळान सगळो घोटाळो केल्यान. एक दिवस डबो उघडू नको. हजार वेळा अर्ज करून जा कळाचा नाय, तां एका घोटात कळात."

मथुराने माझ्या दांड्यावर हात ठेवला. "उद्या निर्जळी एकादशी आसा," ती एवढंच म्हणाली. त्या एकादशीला ती थेंबभर पाणी घेत नाही. लग्नाच्या वर्षापासून एकदाही मोडलेली नाही.

दुसऱ्या दिवशी माझ्या समोरच मांडव घातला. जिल्ह्याहून संचिता मॅडम आल्या, पंचविशीच्या, चेहऱ्याने गरीब. त्यांच्याबरोबर पिकल्या केसांचे एक परदेशी पाहुणे. त्यांनी चपला काढून सगळ्यांना हात जोडले. मांडवात शिरताना प्रत्येकाची एका कोऱ्या कागदावर सही घेतली. "हजेरी, हजेरी. चहा-पोह्यांच्या हिशोबाला," असं कुणीतरी म्हणालं.

मथुरा तांब्या घेऊन माझ्यापाशी आली. तिने दांडा धरला, पण दाबेना. ओठ कोरडे पडले होते. "देवा, माका क्षमा कर," ती पुटपुटली आणि तिने दांडा दाबला. मित्रांनो, इतकं जड पाणी मी आयुष्यात दिलं नाही. माझ्या हाती असतं तर मी ते परत ओढून घेतलं असतं.

तिने भांडं पाहुण्यांपुढे धरलं. गूळ नव्हता. तिची मान इतकी खाली गेली होती की हनुवटी छातीला टेकली.

पाहुण्यांनी घोट घेतला. क्षणभर त्यांचे डोळे थांबले. सगळी वाडी त्यांच्या तोंडाकडे बघत होती. त्यांनी दुसरा घोट घेतला, तिसरा घेतला, भांडं रिकामं केलं, हात जोडले आणि येत असलेला एकुलता एक मराठी शब्द उच्चारला.

"छान!"

संचिता मॅडमनी पाटीवर बोट टेकवलं. 'चव चांगली.'

"मेलो चांगल्या घरचो दिसता," हरिश्चंद्र कपाळावर हात मारून हळूच म्हणाले. "कोणाचा मन दुखवणा नाय!"

पाटीवरचं पान पुढे सरकलं. पुढची उद्दिष्टं वाचली जाऊ लागली. पर्यटकांना घरं भाड्याने देणं, बायकांना संगणक शिकवणं. छान छान गोष्टी. बावीचं नाव कुठेच येईना. अक्षयाने दोनदा हात वर केला. "शेवटी, शेवटी," असं तिला सांगण्यात आलं.

तेव्हा मथुरा उठली. तिने पुन्हा माझ्यापाशी येऊन भांडं भरलं आणि सगळ्यांच्या देखत तोंडाला लावलं.

"काकी! एकादस!" कुणीतरी ओरडलं.

तिने घटाघटा प्यायलं. उपाशी पोट, वय झालेलं. पाणी आत ठरेना. ती ओट्याला धरून खाली बसली आणि सगळं उलटून पडलं. अक्षया धावली. मथुराने तिचा हात बाजूला केला, पदराने तोंड पुसलं आणि कचेरीत बोलतात तशा शुद्ध भाषेत, अगदी हळू आवाजात बोलली.

"साहेब, हे पाणी खारं आहे. इतकी वर्षं तुम्ही माझ्या घरचा गूळ चाखून गेलात. मी खोटं कधी बोलले नाही. पण खरं पण नाही बोलले. आमची गोड विहीर मरायला टेकली आहे. तुम्ही विचारायला आलात ना, तर आमचं उद्दिष्ट तेवढंच आहे. दुसरं काही नको."

संचिता मॅडमनी ओंजळीत माझं पाणी घेतलं, चाखलं, थुंकलं. पाहुण्यांना त्यांच्या भाषेत सगळं सांगितलं. पाहुण्यांचा चेहरा लालबुंद झाला. मॅडम म्हणाल्या, "ते म्हणतायत, नाही म्हटलं तर आजींचा अपमान होईल असं त्यांना वाटलं. आणि म्हणतायत, हे लगेच लिहून घ्या."

मॅडमनी पाटीवर पाण्याची ओळ उघडायचा प्रयत्न केला. दोनदा. तीनदा. "उघडत नाही," त्या म्हणाल्या. "साध्य झालेल्या ओळी वरून बंद केल्या आहेत. यादी आमच्याकडे तयार होऊनच आली. ह्या पाहुण्यांच्या लोकांना अशीच हवी असते, असं आम्हाला सांगितलं होतं."

पाहुणे काहीतरी बोलले. मॅडमनी ते मराठीत सांगितलं. "ते म्हणतायत, आम्ही काहीच ठरवलेलं नाही. ही यादी तुमच्याच देशाने ठरवली, असं त्यांना सांगितलं होतं."

दोघं एकमेकांकडे बघत राहिली. 

"मग ठरवल्यान कोणी?" हरिश्चंद्रांनी विचारलं.  ते पुढे झाले. "ठराव माका दाखवा. हेच्यात बाव नाय तर आमची सही मिळूची नाय."

मांडवाच्या कडेला बसलेल्या ग्रामसेवकांनी कागद उलटा करून दाखवला. 'आम्ही ग्रामस्थांनी विचारपूर्वक ठरवलेली उद्दिष्टे' असा छापील मथळा, आणि त्याला टाचलेलं पान होतं सकाळच्या सह्यांचं.

जाताना संचिता मॅडम मथुराच्या पाया पडल्या. "आजी, मी हाताने वेगळं लिहून वर पाठवीन. कोण वाचेल ते सांगू शकत नाही." मग माझ्याकडे बघून, आपल्याशीच बोलावं तसं म्हणाल्या, "पाटीला फक्त एवढंच कळतं की पंप चालू आहे. पंप चालू नसता, तर ती ओळ आपोआप लाल झाली असती. ओळ लाल झाली की गाव मागेल ते पाण्याचं काम चोवीस तासांच्या आत सुरू करावंच लागतं."

गाडी गेली. धूळ खाली बसली. वाडी माझ्याकडे बघू लागली.

"उपटूया," अक्षया म्हणाली.

"कुंकू लावलेलां उपटू नको गो," मथुरा म्हणाली, आणि पहिल्यांदाच माझ्यादेखत रडली. "आज दोन पापां झाली. तिसरा माझ्याच्यान होवचा नाय."

मी जिवाच्या आकांताने सांगत होतो, मथुरे, उपट! पण मला आवाज कुठला? दांडा हलला तर करकरतो, तेवढाच.

आज सकाळी हरिश्चंद्र मोठा पाना घेऊन आले. माझं डोकं चार जाडजूड नटांवर बसवलेलं आहे. चाळीस वर्षांच्या खाऱ्या वाऱ्याने ते गंजून एकजीव झालेत. त्यांनी अंगातली सगळी ताकद लावली, नट हलेना. तेवढ्यात ग्रामसेवक आले. "गावकर, सरकारी मालमत्ता आहे. हात लावलात तर पोलीस केस होईल. मला कळवावंच लागेल." वाईट माणूस नाही तो. त्यालाही नोकरी आहे. पाना ओट्यावर ठेवून सगळे पांगले.

दुपारी ग्रामसेवक जेवायला घरी गेले. तिठ्यावर कावळाही नव्हता. तेव्हा मथुरा आली. तिच्या हातात देवघरातली समई होती. तिने माझ्या दांड्याला कपाळ टेकवलं.

"बाबा, वाडीर राग धरू नको. धरलंस तर माझ्यार धर."

आणि समईतलं तेल तिने एकेका नटावर ओतलं. देवापुढचं तेल, मित्रांनो! ते मुरेपर्यंत ती नामस्मरण करत बसली. मग पदर खोचला, पाना लावला आणि सगळं अंग त्याच्यावर टाकलं. पहिला नट किंचाळला आणि फिरला. दुसरा फिरला. तिसऱ्याला तिच्या तळव्याची साल निघाली, पण तो फिरला.

चौथा हलत नाहीये. ती दमून माझ्या पायाशी बसली आहे. खाडीच्या तोंडावर आभाळ काळं झालंय, आणि ग्रामसेवकांचं जेवण आता उरकलं असेल.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी हात जोडून सांगतात, आम्हाला जपा, आम्हाला विसरू नका. तुम्ही जे जपायला हवं ते जपा. ती बाव जपा. कुणी तुमच्या दारात येऊन तुमचंच ध्येय तुम्हाला वाचून दाखवू लागलं, तर सही करण्याआधी त्याला एक भांडं पाणी द्या, जसं आहे तसं.

पण मला जपू नका. मी जोवर उभा आहे, तोवर या वाडीला तहान लागलेली कुणाला दिसणार नाही. तुमच्यातलं कुणी मसुऱ्याच्या बाजूला असेल, तर पळत या. मथुराच्या हातात जोर उरलेला नाही, आणि एकच नट राहिला आहे.